ठिपक्याची कार्डं

माझा स्वभाव तापट आहे, आणि ही हकीकत सांगताना तो आणखी तापतो. तेव्हा मध्येच आवाज चढला तर सांभाळून घ्या. ठिपकेबाई माझ्या अगदी उलट. बावीस वर्षांत त्यांचा आवाज चढलेला मी एकदाच ऐकला, आणि तोही माझ्यावर. राग त्यांना येत नव्हता असं नाही. माझ्याहून जास्त यायचा. पण माझा राग दुधासारखा उतू जातो आणि पाच मिनिटांत भांडं रिकामं होतं. त्यांनी आपला राग झाकून, जपून, थेंबही न सांडता ठेवला होता.

आमचं कार्यालय तिसऱ्या मजल्यावर. काम इंग्रजी शब्दांचा कोश करण्याचं. एक लांबट खोली, भिंतीला लागून बेचाळीस खणांची लाकडी कपाटं, खणांत पोस्टकार्डाएवढी कार्डं, आणि एका कार्डावर एक शब्द. वर शब्द, त्याखाली आपल्या भाषेत अर्थ, मग तो कुठे चालतो नि कुठे चालत नाही याची टीप, मग आपल्याच भाषेत एक उदाहरण. अगदी तळाला, ते उदाहरण कुठे सापडलं त्याची नोंद. अमुक तारखेचं वर्तमानपत्र, तमुक औषधाच्या बाटलीवरची सूचना, काहीही. पण काही शब्दांना उदाहरण सापडतच नाही. मग कार्ड लिहिणाऱ्याने ते स्वतः रचायचं आणि तळाच्या उजव्या कोपऱ्यात शाईचा एक ठिपका द्यायचा. ठिपका म्हणजे, हे मला सापडलेलं नाही, मी रचलेलं आहे. हा नियम थोरल्या संपादकांचा. ते वारले आणि त्यांच्या जागी सर आले. सरांनी खुर्ची घेतली, दालन घेतलं, दालनातला पंखा घेतला. नियम मात्र काय आहेत ते कुणाला विचारलं नाही.

कार्डं लिहायला आम्ही सुरुवातीला पाच जण होतो. एकेक करून माणसं गळाली, आणि मला प्रुफं तपासायला बसवलं. उरल्या बाई एकट्या. मधल्या बोटाला पेनाचा घट्टा, डाव्या हाताला पाण्याचा तांब्या, आणि दिवसाला चाळीस कार्डं, थोडी नवी, बाकी जुनी सुधारून पुन्हा लिहिलेली. उदाहरण रचून ठिपका देताना त्या क्षणभर पेन टेकवून थांबायच्या, कपाळाला टिकली लावावी तशा. ते बघून आमच्या शिपाईमामांनी त्यांना ठिपकेबाई म्हणायला सुरुवात केली. सरांना हे नाव माहीत होतं, पण ते का पडलं हे माहीत नव्हतं. एकदा कार्डांचा गठ्ठा परत करताना त्यांनी वर चिठ्ठी लावली होती, ‘पेन गळते आहे. बदला.’ मी आणि मामा जिन्यात जाऊन पोट धरून हसलो. बाई हसल्या नाहीत. त्यांनी चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवली.

वैराची सुरुवात एका शब्दावरून झाली. शब्द कसला, तर ‘ब्रेन-टीझर’. बाईंना नोकरीला लागून चार वर्षं झाली होती. तेव्हा सर सोमवारी सगळ्यांना दालनात बोलावून अवघड शब्दांचे अर्थ ठरवायचे, म्हणजे आम्ही सांगायचो आणि ते ठरवायचे. त्या दिवशी त्यांनी ठरवून आणलेला अर्थ वाचून दाखवला, “ब्रेन-टीझर, म्हणजे मेंदूस चिडविणारा.”

“मेंदूस चिडवणारा कोण, सर?” बाईंनी विचारलं. अगदी साध्या आवाजात.

“कोण म्हणजे? जो चिडवतो तो.”

“नाही, कारण हा शब्द कोड्याला वापरतात. आणि तो घरगुती आहे. परीक्षेच्या पेपरात नाही येत, कोर्टाच्या निकालात नाही येत. मासिकाच्या शेवटच्या पानावर येतो, चहा पिताना येतो. कुणाचं घर जळालं, कुणी बेपत्ता झालं, तर ते कितीही न उलगडणारं असो, त्याला ब्रेन-टीझर नाही म्हणत. म्हटलं तर ऐकणाऱ्याला राग येईल.”

“मग काय म्हणायचं म्हणता?”

“गमतीचं, डोकं खाजवायला लावणारं छोटं कोडं. उत्तर असलंच पाहिजे. आणि उत्तर कळल्यावर ज्याला घातलं तोसुद्धा हसला पाहिजे. कपाळावर हात मारून, ‘हात्तिच्या, एवढंच?’ म्हणत. तो हसला नाही तर तो ब्रेन-टीझर नव्हे.”

सर म्हणाले, एखादं उदाहरण द्या. बाईंनी दिलं. बाई आणि त्यांची थोरली बहीण, दोघी एकत्र राहायच्या, दोघींचं लग्न झालेलं नव्हतं, आणि रोज जेवताना एकमेकींना कोडी घालायची त्यांची सवय होती. त्यातलंच एक. “दोघी बहिणी बुद्धिबळाचे पाच-पाच डाव खेळल्या. बरोबरी एकदाही झाली नाही. दोघींनीही पाचच्या पाच डाव जिंकले. कसे?”

सर विचार करू लागले. एक मिनिट गेलं, दोन गेली. मग त्यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला आणि म्हणाले, “मला उत्तर माहीत आहे. तुम्हाला येतंय का ते बघतोय.” तेवढ्यात चहाचे कप गोळा करायला आलेले शिपाईमामा दारातूनच म्हणाले, “अहो, त्या एकमेकींशी खेळतच नव्हत्या की!”

हशा पिकला. मी तर टेबलावर हात आपटून हसलो, आणि आज वाटतं, तेवढ्या मोठ्याने हसायला नको होतं. सर मात्र हसले नाहीत. ते सावकाश म्हणाले, “बाई, कार्डं तुम्ही लिहा. अर्थ आम्ही लावू.”

तिथून पुढे अठरा वर्षं त्या माणसाने त्या हशाची वसुली केली. बाईंचं टेबल खिडकीजवळून उचललं आणि मोरीच्या दाराशी लावलं. चाळीस कार्डांतली दहा रोज परत यायची, लाल शाईत एकच शेरा, ‘कुठे सापडले?’ खाली स्पष्ट लिहिलेलं असायचं कुठे सापडलं ते. वाचतो कोण? सर कार्ड वाचत नसत, फक्त परत पाठवत. बाई तेच कार्ड दुसऱ्या दिवशी जसंच्या तसं पाठवायच्या आणि ते मंजूर होऊन यायचं. सोमवारची बैठक बंद झाली. बाईंना बढती नाही. रजा मागितली की ‘कामाचा ताण बघून’ नाही. बहिणीचं ऑपरेशन होतं त्या दिवशीही नाही. त्या दिवशी बाईंनी चाळीसऐवजी पन्नास कार्डं लिहिली आणि संध्याकाळी दवाखान्यात गेल्या.

मी म्हणायचो, “बाई, बोला की काहीतरी! गप्प बसून काय होतंय?”

“मी कुठे गप्प बसलेय?” त्या म्हणायच्या. मला वाटायचं, बिचारी मन रमवतेय.

बाईंच्या नोकरीच्या अकराव्या वर्षी पहिली आवृत्ती निघाली. मुखपृष्ठावर आणि आतल्या पहिल्या पानावर एकच नाव, सरांचं. प्रस्तावनेत वाक्य होतं, ‘या कोशातील प्रत्येक उदाहरण मी स्वतः रचिले अथवा निवडिले असून त्यात अन्य कोणाचाही हात नाही.’ शेवटी आभार होते छापखान्याचे, कागदवाल्याचे, पत्नीचे आणि ‘कार्यालयातील इतरांचे’. इतर म्हणजे आम्ही. प्रकाशन समारंभात सरांनी व्यासपीठावरून ब्रेन-टीझरचा अर्थ वाचून दाखवला. शब्द न शब्द बाईंचा, ‘हात्तिच्या’सकट. आणि वर म्हणाले, “हा अर्थ मला आंघोळ करताना सुचला.” टाळ्या पडल्या. बाई आणि त्यांची ताई शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. ताई शिवणकाम करणाऱ्या, जिभेला कात्रीएवढी धार. त्या एवढ्या मोठ्याने ‘खोटारडा’ म्हणाल्या की पुढच्या दोन रांगा वळून बघायला लागल्या. बाईंनी फक्त त्यांचा हात धरला.

आता दुसऱ्या आवृत्तीकडे येतो. ठिपकेबाई निवृत्त व्हायला दोन महिने होते. आणखी नऊ हजार शब्द त्यांनी घातले होते, एकटीने. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि कार्ड नाकाशी धरून लिहायच्या. त्यांना एकच गोष्ट हवी होती. ती त्यांनी कुणाकडे मागितली नव्हती, पण मला ठाऊक होती. आतल्या पहिल्या पानावर नाव. सरांच्या खाली, बारीक टाइपात, चालेल. पण नाव.

त्या पानाचं प्रूफ माझ्याच टेबलावर आलं. संपादक, सर. त्याखाली, सहसंपादक, सरांचा जावई.

जावई! आठ महिन्यांपूर्वी हा गृहस्थ कार्यालयात आला होता. सासऱ्याने त्याला खिडकीजवळ बसवलं, बाईंच्याच जुन्या जागी. आठ महिन्यांत त्याने एक कार्ड लिहिलं असेल तर मी नाव बदलीन. खण झटक्याने उघडला की आतलं कार्ड दुमडतं हेही त्याला माहीत नव्हतं. मी ते प्रूफ घडी करून खिशात घातलं आणि रविवारी सकाळी थेट बाईंच्या घरी गेलो.

दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत ताईंचं शिलाई मशीन, त्यावर अर्धवट शिवलेला पडदा. मी प्रूफ पुढे केलं. बाईंनी ते नाकाशी नेऊन वाचलं, मग ताईंना दिलं. ताईंनी सरांच्या सात पिढ्या उद्धरल्या. मी त्यात दोन-चार राहिलेल्या घातल्या. मग मला सुचलं ते मी बोलून टाकलं, “बाई, कार्डं अजून तुमच्या हातात आहेत. पन्नास-शंभर अर्थ फिरवून टाका. उंचच्या जागी ठेंगणा. छापून येऊ दे. जगभर शोभा होईल म्हाताऱ्याची. प्रुफं मीच बघतोय, मी डोळे मिटतो.”

तेव्हा त्यांचा आवाज चढला. “लाज नाही वाटत? त्या शब्दांनी तुमचं काय घोडं मारलंय? कोण कुठली शाळकरी पोर कोश उघडेल आणि चुकीचा अर्थ पाठ करेल, ती काय सर आहे? माझ्या कामात खोट काढायला मीच हात लावू?”

मी खाली मान घातली. ताईंनी चहा ठेवला. थोड्या वेळाने बाई शांत झाल्या आणि म्हणाल्या, “तुम्ही पहिल्या आवृत्तीचं प्रत्येक पान तपासलंत ना?”

“दोनदा.”

“काही आढळलं नाही?”

“अकरा चुका. सगळ्या दुरुस्त केल्या.”

त्यांनी कपाटातून बुटांचं एक खोकं काढलं. आत कार्डं होती, कार्यालयातल्या ठिपक्याच्या कार्डांच्या त्यांनी घरी करून ठेवलेल्या नकला. वर सरांची ती घडी केलेली चिठ्ठी, ‘पेन गळते आहे’. त्यांनी एकेक कार्ड माझ्या हातात द्यायला सुरुवात केली. वरचा इंग्रजी शब्द सोडून मी अर्थच सांगतो.

‘घोरणे’. उदाहरण: ‘जेवणानंतर तो टेबलावर डोके ठेवून तासभर घोरे आणि जाग आल्यावर म्हणे, मी चिंतन करत होतो.’

‘कलप’. उदाहरण: ‘त्याने केसांना कलप लावला, पण डाव्या कानामागे लावायचा नेहमीप्रमाणे विसरला.’

‘छत्री’. उदाहरण: ‘दुसऱ्याची छत्री नेऊन तिच्यावर आपले नाव घालायला त्याला दोन दिवस लागले.’ ती छत्री माझी होती! दुसऱ्या दिवशीच मुठीवर सरांच्या नावाची पट्टी चिकटलेली मी डोळ्यांनी पाहिली होती.

दोनशे तेरा कार्डं. सगळी ठिपक्याची, सगळी छापून आलेली. सर कसे जेवतात, सर कुणापुढे वाकतात, सर कसे दुसऱ्याचं वाक्य पूर्ण होण्याआधी ‘मी तेच म्हणणार होतो’ म्हणतात. नाव एकातही नाही. आणि मी, या कोशाचा प्रूफरीडर, प्रत्येक ओळ दोनदा वाचलेला, मला पत्ता लागला नव्हता. कारण प्रूफरीडर वाक्य वाचत नाही, अक्षरं वाचतो. वेलांटी बरोबर, पूर्णविराम बरोबर, पुढे चला. शिवाय इंग्रजीत कलपाचा शब्द एका टोकाला, छत्रीचा दुसऱ्या टोकाला, मध्ये तीनशे पानं. कोश ओळीने कोण वाचतो? सर समजत होते, आपण बाईंशी खेळतोय, आणि बाई अठरा वर्षं वेगळ्याच पटावर डाव जिंकत बसल्या होत्या.

“हे सगळं खरं आहे?” मी विचारलं. मूर्खासारखाच प्रश्न.

“खोटं उदाहरण मी कधी लिहिलं नाही,” बाई म्हणाल्या.

ताई चहा गाळता गाळता म्हणाल्या, “आणि त्याने स्वतःच छापलंय, ‘प्रत्येक उदाहरण माझं.’ आता त्याला चारचौघांत विचारायचं, बाबा रे, ही तुझी का? हो म्हणाला तर माणूस म्हणून मेला. नाही म्हणाला तर संपादक म्हणून मेला.”

“इकडे आड, तिकडे विहीर,” मी म्हणालो, आणि माझ्या अंगावर आनंदाने काटा आला. खोटं कशाला सांगू? मला त्या माणसाची दया आली नाही. आजही येत नाही.

पुढचे दोन महिने बाईंनी रोज चाळीस कार्डं लिहिली. एकही कमी नाही, एकही वेडंवाकडं नाही. नवीन शब्दांत ‘जावई’ला कुठे जागा मिळते का तेवढं बघितलं, आणि मिळाली. पानाचं प्रूफ मी मुकाट्याने मंजूर केलं.

समारंभ सकाळी दहाला. सभागृह भरलेलं. शिक्षक, वकील, छापखान्याचे मालक, संस्थेचं मंडळ पहिल्या रांगेत. समारंभाच्या अध्यक्ष म्हणून एक निवृत्त न्यायाधीशबाई होत्या, बारीक चणीच्या, पांढरे केस कापलेले. कार्यक्रमपत्रिकेवर शेवटून दुसरा विषय होता, ‘निवृत्त कर्मचाऱ्यास निरोप, पाच मिनिटे’. बाईंना एक भिंतीवरचं घड्याळ द्यायचं आणि ‘दोन शब्द’ बोलायला लावायचं, असा बेत. प्रती समारंभापुरत्या पन्नासच बांधल्या होत्या, बाकीचे छापील कागद बांधणीवाल्याकडे पडून होते. हे मी आताच सांगून ठेवतो, पुढे कामाला येईल.

सर चाळीस मिनिटं बोलले. प्रस्तावनेतलं तेच जुनं वाक्य त्यांनी स्वतः वाचून दाखवलं, “प्रत्येक उदाहरण मी स्वतः रचिले.” न्यायाधीशबाईंच्या मांडीवर कोशाची प्रत होती. त्या मान डोलावत होत्या. मग घड्याळ देऊन झालं, सर पहिल्या रांगेत जाऊन बसले आणि बाई ध्वनिक्षेपकासमोर उभ्या राहिल्या, हातात बुटांचं खोकं.

“मला भाषण येत नाही,” त्या म्हणाल्या. “मला उदाहरणं येतात. कोशातलीच थोडी वाचते. पान सांगते, ज्यांच्याकडे प्रत आहे त्यांनी बघावं.”

पहिलं वाचलं घोरण्याचं. लोक हसले. सरही हसले, मान तिरकी करून, ‘आहे आपली विनोदबुद्धी’ अशा थाटात. शेजारच्या मंडळाच्या सदस्याने त्यांच्या पाठीवर थापही मारली. दुसरं वाचलं, ‘मी तेच म्हणणार होतो’चं. पुन्हा हशा. पण यावेळी आमच्या छापखान्याचे मालक हसता हसता थांबले आणि सरांकडे बघू लागले. तिसरं, छत्री. चौथं, कलप.

पहिल्या रांगेतल्या एका बाईने मान लांब करून सरांच्या डाव्या कानामागे बघितलं. तिथे पांढरे केस होते. नेहमीप्रमाणे. तिने शेजारणीला कोपराने ढोसलं. कुजबुज एका रांगेतून दुसऱ्या रांगेत जाताना मी डोळ्यांनी बघितली. सरांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण ते आता त्यांचं नव्हतं.

“पान सहाशे बारा,” बाई म्हणाल्या. “शब्दाचा अर्थ, चष्मा. उदाहरण: ‘खोटे बोलण्यापूर्वी तो चष्मा काढून रुमालाने पुसतो.’”

न्यायाधीशबाईंनी पान उघडलं, बोट ठेवून वाचलं. मग प्रत मिटली आणि, न्यायालयात विचारत असतील तशाच सुरात, सरांना विचारलं, “सर, प्रस्तावनेत आपण लिहिलंय की सगळी उदाहरणं आपली. ही वाचली ती आपलीच ना?”

सरांचा हात वर गेला. मी पाहिला, सभागृहाने पाहिला. हात चष्म्यापर्यंत गेला, दोन बोटांनी काडी धरली, आणि तिथेच थिजला. काढावा की ठेवावा? मग मागून शिपाईमामांचा आवाज आला, “पुसा, पुसा, सर! संकोच कसला?”

असा हशा मी आयुष्यात ऐकला नाही. छतावरचे पंखे हलले असतील. सर उभे राहिले, लालबुंद, आणि ओरडले, “ही माझी नाहीत! एकही माझं नाही! ह्या बाईने लिहिलंय हे सगळं! वर्षानुवर्षं! मला काय माहीत ही कार्डांवर काय लिहिते ते!”

हशा थांबला. न्यायाधीशबाईंनी शांतपणे विचारलं, “सगळं यांनी लिहिलंय?”

“सगळं!” सर म्हणाले, आणि मग त्यांना कळलं आपण काय बोललो ते. ते मटकन खाली बसले. जावई चहाची व्यवस्था बघायला म्हणून उठला तो परत आलाच नाही.

ठिपकेबाईंनी खोक्यावर झाकण लावलं. “सगळं नाही,” त्या म्हणाल्या. “सापडलेली उदाहरणं ज्याची त्याची आहेत. रचलेल्यांतली माझी चार हजार एकशे आठ. प्रत्येकाच्या कार्डावर माझं अक्षर आणि ठिपका आहे. कपाटं उघडून मोजा.” आणि घड्याळ काखेत मारून खाली उतरल्या.

मंडळाने तीन दिवस कपाटं उघडून मोजली. चार हजार एकशे आठच भरली. बांधणीवाल्याकडचे कागद तसेच होते, फक्त पहिलं पान नवीन छापायचं होतं. मंडळाचे अध्यक्ष स्वतः बाईंच्या घरी आले, तेव्हा मी तिथेच होतो. नव्या पानावर बाईंचं नाव सरांच्या शेजारी, त्याच टाइपात, जावयाचं काढलेलं. “आणि प्रस्तावनेतलं ते वाक्य आम्ही गाळतोय,” ते म्हणाले. “तुम्हाला त्रास नको.”

“वाक्य राहू दे,” बाई म्हणाल्या.

“अहो, पण ते खोटं आहे!”

“म्हणूनच राहू दे. पहिल्या पानावर माझं नाव आणि तिसऱ्या पानावर त्यांचं वाक्य. जो कोश उघडेल त्याला दोन्ही दिसू दे.” अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं, मी छताकडे बघितलं. वाक्य राहिलं. आजही आहे, कुठलीही प्रत उघडून बघा.

ते गेल्यावर मी हर्षाने म्हणालो, “बाई, काय जबरदस्त ब्रेन-टीझर घातलात हो सरांना!”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला माझीच लाज वाटली. “कार्ड नीट वाचा,” त्या म्हणाल्या. “ज्याला घातलं तो शेवटी हसला पाहिजे. ते हसले का?”

“नाही.”

“मग शब्द चुकीच्या जागी वापरू नका.”

“मग याला काय म्हणायचं?”

“याला सूड म्हणतात,” ताई मशीनवरून म्हणाल्या. “त्यालाही कार्ड आहे.”

मला वाटलं होतं, एवढं झाल्यावर बाईंचा राग निवेल. एक वर्षाने, मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन नवा चष्मा आल्यावर, मी त्यांच्याकडे गेलो होतो. तेवढ्यात शिपाईमामा आले, सरांची चिठ्ठी घेऊन. सर आता घरीच असत. अक्षर कापरं झालं होतं. लिहिलं होतं, तिसऱ्या आवृत्तीचं काम बाईंकडे दिल्याचं कळलं. नातवंडं शाळेत कोश वापरतात. त्यांना वर्गातली मुलं कानामागे काय आहे म्हणून विचारतात. पुढे पानांची यादी, आणि शेवटी, ‘ही उदाहरणे माझ्याविषयी खरी नाहीत. कृपया बदलावीत.’

ताईंनीसुद्धा मशीन थांबवलं. मामा दाराशी चपला न काढता उभे होते. मी, तापट माणूस, माझंही मन क्षणभर पाघळलं. मी म्हणणार होतो, बाई, जाऊ द्या आता.

बाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली. नाकाशी न नेता, सरळ, हातभर लांब धरून. मग ताईंच्या डब्यातून लाल पेन्सिल मागून घेतली, कापडावर खुणा करायची, आणि चिठ्ठीवर, त्या शेवटच्या ओळीखाली, दोन शब्द लिहिले. ‘कुठे सापडले?’

“उत्तर आहे का काही?” मामांनी विचारलं.

“परत द्या त्यांना,” बाई म्हणाल्या, आणि पुढचं कार्ड ओढलं.